युरोपच्या सीमा ओलांडणारा माल आणि लहान उत्पादकाचा करहिशेब

शेतमालाला योग्य भाव मिळावयाचा असेल तर उत्पादकाने तो शक्य तितका स्वतः ग्राहकापर्यंत पोचवावा, हा विचार आता सर्वमान्य झाला आहे. युरोपातील लहान शेतकरीही या मार्गाने चालला आहे. इटलीतील ऑलिव्हचे तेल, स्लोव्हेनियातील मध, फ्रान्समधील चीज असा माल लहान कुटुंबे स्वतः तयार करतात, बाटल्यांत किंवा डब्यांत भरतात आणि शेजारच्या देशांतील घरी थेट टपालाने पाठवितात. १ जानेवारी १९९३ पासून युरोपीय संघाच्या सभासद राष्ट्रांमधील सीमेवर मालाची करतपासणी होत नाही. मालाची गाडी एका देशातून दुसऱ्या देशात विनाअडथळा जाते. परंतु गाडीला अडथळा नाही म्हणून करालाही सीमा नाही, असा समज करून घेणे नुकसानीचे ठरते. संघाची २७ राष्ट्रे आपापला विक्रीकर आपापल्या दराने आकारतात. सीमेवरील नाका गेला, पण त्या नाक्यावर होणारा हिशेब विक्रेत्याच्या स्वतःच्या वहीत येऊन बसला.

हा हिशेब नेमका कसा ठेवावयाचा, त्यात लहान उत्पादकाला कोणत्या सवलती आहेत आणि कोठे फसगत होते, याचा विचार या लेखात केला आहे. आपल्या राज्यातून द्राक्षे व इतर शेतमाल युरोपात जातो. तेव्हा तेथील व्यवहाराची ही बाजू आपल्याकडील शेतकरी उत्पादक संस्थांनी जाणून घेणे हितावह आहे.

कराचे स्वरूप

युरोपातील हा विक्रीकर मूल्यवर्धित कर म्हणून ओळखला जातो. आपल्याकडेही तो ‘व्हॅट’ या नावाने परिचयाचा आहे. तो प्रथम फ्रान्समध्ये १९५४ साली अमलात आला. त्या वेळच्या युरोपीय आर्थिक समुदायाने १९६७ साली दोन निर्देश काढून सर्व सभासद राष्ट्रांनी ही पद्धती स्वीकारावी असे ठरविले. आज जो मूळ कायदा लागू आहे तो २००६ सालच्या निर्देशाचा असून त्यात वेळोवेळी दुरुस्त्या झाल्या आहेत.

या कराचे तत्त्व सोपे आहे. प्रत्येक विक्रेता आपल्या विक्रीवर कर आकारतो, स्वतःच्या खरेदीवर भरलेला कर त्यातून वजा करतो आणि उरलेली रक्कम सरकारात भरतो. तेल काढणाऱ्या शेतकऱ्याने बाटल्या, बुचे, यंत्राची दुरुस्ती, वीज यांवर जो कर दिला असेल त्याची त्याला वजावट मिळते. अशा रीतीने कराचा भार शेवटी माल वापरणाऱ्या ग्राहकावर पडतो. विक्रेता हा केवळ कर गोळा करणारा असतो. ही गोष्ट ध्यानात ठेवणे अत्यंत महत्त्वाचे आहे. ग्राहकाकडून आलेल्या पैशातील कराचा भाग विक्रेत्याचा नसतो. तो सरकारचा असून काही आठवडे विक्रेत्याच्या हाती केवळ ठेव म्हणून असतो.

दराच्या बाबतीत मात्र राष्ट्राराष्ट्रांत मोठा फरक आहे. सामान्य दर १५ टक्क्यांहून कमी असू नये, एवढे संघाचे बंधन आहे. त्यावर प्रत्येक राष्ट्र आपला दर ठरविते. लक्झेम्बर्गचा सामान्य दर १७ टक्के आहे, जर्मनीचा १९, फ्रान्सचा २०, इटलीचा २२, डेन्मार्कचा २५, तर हंगेरीचा २७ टक्के आहे. अन्नपदार्थांवर बहुतेक राष्ट्रे कमी दर लावतात, पण सर्वच नव्हे. ऑलिव्हच्या तेलावर इटलीत ४ टक्के, फ्रान्समध्ये साडेपाच टक्के, जर्मनीत ७ टक्के आणि नेदरलँड्समध्ये ९ टक्के कर आहे; डेन्मार्कमध्ये अन्नपदार्थांना निराळा दर नसल्याने तेथे पूर्ण २५ टक्के भरावे लागतात. एकच बाटली, एकच तेल, परंतु ती कोणत्या दारी पोचते यावर कर ठरतो.

माल कोठे पोचला हे पाहावे

विक्रीवर कोणत्या राष्ट्राचा कर लागावयाचा हा पहिला प्रश्न होय. याचे उत्तर ग्राहकाच्या राष्ट्रीयत्वावर अवलंबून नसते. माल कोणी नेला आणि तो कोठे पोचला यावर ते अवलंबून असते. पुढील प्रसंग लक्षात घेतल्यास हे स्पष्ट होईल.

इटलीतील शेतावर एखादा जर्मन प्रवासी येतो, सहा बाटल्या विकत घेतो आणि आपल्या मोटारीतून घरी नेतो. ही विक्री इटलीतच झाली. तिच्यावर इटलीचा ४ टक्के कर लागतो आणि त्यापलीकडे काही करावे लागत नाही.

तोच प्रवासी घरी परतल्यावर पत्र धाडून आणखी सहा बाटल्या मागवितो आणि शेतकरी त्या पार्सलाने पाठवितो. आता ही ‘दूरविक्री’ झाली. वाहतूक जेथे संपते ते राष्ट्र म्हणजे जर्मनी, आणि पुढे सांगितलेली मर्यादा ओलांडली असल्यास कर जर्मनीचा लागतो. विक्रेत्याने स्वतः माल न पाठविता ग्राहकाला ठराविक वाहतूकदाराशी गाठ घालून दिली, तरीही ती दूरविक्रीच समजली जाते. वाहतुकीत विक्रेत्याचा अप्रत्यक्ष हात असणे एवढे पुरते.

तिसरा प्रसंग असा की, शेतकरी आपल्या गाडीत माल भरून म्युनिकच्या बाजारात जातो आणि तेथे दुकान मांडून विकतो. ही विक्री जर्मनीत झालेली देशांतर्गत विक्री होय. तिला दूरविक्रीची सवलत लागू होत नाही आणि सर्वसाधारणपणे जर्मनीत करनोंदणी करावी लागते. परदेशातील गोदामात माल आगाऊ ठेवून तेथून ग्राहकांना पाठविणाऱ्यासही हेच लागू आहे. आपला स्वतःचा माल सीमेपलीकडील गोदामात नेणे हीसुद्धा करकायद्याच्या दृष्टीने एक नोंदविण्याजोगी घटना आहे. गोदामाची सोय देणाऱ्या मोठ्या व्यापारी पेढ्या ‘आम्ही सर्व पाहू’ असे सांगतात. परंतु त्या मालाची साठवण व रवानगी पाहतात, विक्रेत्याची करनोंदणी नव्हे. लहान विक्रेते सर्वांत जास्त अडचणीत येतात ते येथेच.

दुकानदाराला केलेली विक्री

खरेदी करणारा ग्राहक नसून करनोंदणी झालेला व्यापारी असेल तर पद्धत निराळी आहे. समजा, हँबुर्ग येथील दुकानदाराने इटलीच्या शेतकऱ्याकडून २०० बाटल्या घेतल्या. अशा विक्रीवर शेतकऱ्याने कर आकारावयाचा नसतो. बीजक करावाचून केले जाते, आणि दुकानदार आपल्या देशात ७ टक्के कर स्वतःच दाखवितो व स्वतःच त्याची वजावट घेतो. शेतकऱ्याला मात्र त्याने बाटल्या, बुचे इत्यादींवर भरलेल्या कराची वजावट मिळतेच.

ही सवलत मिळण्यासाठी काही अटी काटेकोरपणे पाळाव्या लागतात. पहिली अट म्हणजे खरेदीदाराने दुसऱ्या राष्ट्राने दिलेला आपला करनोंदणी क्रमांक विक्रेत्याला कळविला पाहिजे. तो क्रमांक चालू आहे की नाही हे युरोपीय आयोगाच्या ‘व्हीआयईएस’ या तपासणीव्यवस्थेत विनामूल्य पाहता येते. माल रवाना करण्यापूर्वी तपासणी करावी आणि तिच्या निकालाची प्रत तारखेसह फाइलमध्ये ठेवावी. १ जानेवारी २०२० पूर्वी क्रमांकाची बाब औपचारिक मानली जात असे. त्या तारखेपासून ती करमाफीची मूळ अटच झाली आहे. क्रमांक नसेल तर करमाफी मिळणार नाही.

दुसरी अट, माल खरोखर देशाबाहेर गेला याचा पुरावा. परस्परांशी संबंध नसलेल्या आणि विक्रेता व खरेदीदार यांपासून स्वतंत्र असलेल्या दोन पक्षांकडील जुळणारी कागदपत्रे असल्यास पुरावा सामान्यतः पुरेसा मानला जातो. वाहतूकदाराची सहीशिक्क्याची पावती, वाहतुकीचे बिल, विम्याची पावती, गोदामवाल्याची पोच अशी ती असतात. तिसरी अट, अशा सर्व विक्रीचे एकत्रित टाचण ठराविक मुदतीत आपल्या करखात्याकडे पाठविले पाहिजे. या तिहींपैकी एक जरी चुकले तरी न आकारलेला कर पुढे विक्रेत्याच्याच अंगावर येतो. आणि तोवर दुकानदाराकडून तो वसूल करण्याची संधी बहुधा निघून गेलेली असते.

हे नियम इतके कडक असण्याला कारण आहे. करावाचून सीमा ओलांडलेला माल पुढे करासह विकावयाचा आणि जमा झालेला कर सरकारात न भरता नाहीसे व्हावयाचे, असा फसवणुकीचा धंदा युरोपात वर्षानुवर्षे चालला. त्याला आळा घालण्यासाठी जे कागद मागितले जातात तेच प्रामाणिक लहान विक्रेत्यालाही द्यावे लागतात.

दहा हजार युरोंची मर्यादा

घरगुती ग्राहकांना केलेल्या दूरविक्रीसाठी १ जुलै २०२१ पासून नवे नियम लागू झाले. त्यापूर्वी प्रत्येक राष्ट्राची मर्यादा स्वतंत्र होती. ती राष्ट्रानुसार सुमारे ३५ हजार किंवा १ लाख युरो असे. त्यामुळे पाच देशांत थोडी थोडी विक्री करणारा उत्पादक सर्वत्र मर्यादेच्या आत राहून आपल्याच देशाचा कर भरीत असे. नव्या नियमांनी या स्वतंत्र मर्यादा रद्द झाल्या आणि सर्व परदेशी विक्री मिळून वर्षाला १० हजार युरो ही एकच मर्यादा आली. ही रक्कम कर वगळून धरावयाची असते.

या आकड्यामागे थोडा इतिहास आहे. १ जानेवारी २०१५ पासून इलेक्ट्रॉनिक सेवांवर ग्राहकाच्या देशाचा कर लागू झाला, तेव्हा किमान मर्यादा अशी ठेवलीच नव्हती. घरबसल्या विणकामाचे नमुने किंवा छोटी पुस्तके संगणकावरून विकणाऱ्यांनाही पहिल्या युरोपासून परदेशी कर आकारावा लागला, आणि त्याविषयी लहान व्यावसायिकांत मोठी तक्रार झाली. तिचा विचार होऊन १ जानेवारी २०१९ पासून १० हजार युरोंची मर्यादा आली. २०२१ साली तीच मर्यादा मालाच्या विक्रीलाही लागू झाली. संगणकीय सेवा विकणाऱ्यांना जी सवलत म्हणून मिळाली, तीच माल विकणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने आकुंचन ठरली.

मर्यादेच्या आत असेपर्यंत विक्रेता आपल्या देशाचा कर लावू शकतो. मात्र चालू आणि मागील अशा दोन्ही वर्षांची परदेशी विक्री मर्यादेत असली पाहिजे. शिवाय विक्रेत्याचा व्यवसाय एकाच सभासद राष्ट्रात स्थिर असून माल तेथूनच निघाला पाहिजे. ज्या विक्रीमुळे मर्यादा ओलांडली जाते त्या विक्रीपासूनच ग्राहकाच्या देशाचा कर सुरू होतो. वर्षअखेरची वाट पाहता येत नाही.

एक उदाहरण

समजा, इटलीतील एक शेतकरी कुटुंब नेहमीच्या पद्धतीने करनोंदणी करून ऑलिव्हचे तेल विकते. एका बाटलीची करावाचून किंमत १५ युरो आहे. ४ टक्के कर धरून ते ग्राहकाकडून १५.६० युरो घेतात. वाहतूकखर्च सोपेपणासाठी बाजूला ठेवू. डिसेंबरच्या प्रारंभापर्यंत त्यांची परदेशी ग्राहकांना झालेली विक्री कर वगळून अशी आहे : जर्मनी ५,३०० युरो, फ्रान्स २,६०० युरो आणि नेदरलँड्स १,५०० युरो, एकूण ९,४०० युरो. मागील वर्षीही ते मर्यादेच्या आतच होते.

डिसेंबरात डेन्मार्कमधील एक कुटुंब लग्नसमारंभात भेट देण्यासाठी ६० बाटल्या मागविते. शेतकरी नेहमीच्या दराने ९३६ युरो घेऊन माल पाठवितो. या एका मागणीने वर्षाची मर्यादा ओलांडली जाते. आता त्या संपूर्ण मागणीवर डेन्मार्कचा २५ टक्के कर लागतो. ९३६ युरोंची रक्कम करासहित धरली, तर तीत १८७.२० युरो कर आणि ७४८.८० युरो मालाची किंमत निघते. ज्या मालाचे ९०० युरो हाती राहावयाचे त्याचे ७४८.८० युरो राहिले. म्हणजे १५१.२० युरोंची, बाटलीमागे अडीच युरोंहून अधिक तूट आली. कित्येक लहान उत्पादकांचा बाटलीमागील नफाही याहून जास्त नसतो. ग्राहकाने ठरलेले पैसे दिलेले असतात. त्याच्याकडे पुन्हा मागणी करणे शक्य नसते.

येथेच हिशेब संपत नाही. चालू वर्षी मर्यादा ओलांडल्याने पुढील वर्षी १ जानेवारीच्या पहिल्या बाटलीपासून प्रत्येक ग्राहकाला त्याच्या देशाचा दर लावणे प्राप्त होते. १५ युरो हाती राहावयाचे असतील तर फ्रान्सच्या ग्राहकाकडून १५.८३, जर्मनीच्या ग्राहकाकडून १६.०५, नेदरलँड्सच्या ग्राहकाकडून १६.३५ आणि डेन्मार्कच्या ग्राहकाकडून १८.७५ युरो घ्यावे लागतील. ग्राहकाला किंमत करासहच दाखविणे बंधनकारक असल्याने दरपत्रक देशवार असावयास हवे.

या उदाहरणापासून घ्यावयाचा धडा असा : परदेशी विक्रीची बेरीज वर्षअखेरीस नव्हे, तर प्रत्येक मागणीच्या वेळी पाहावी. ८ हजार युरोंचा टप्पा येताच पुढील तयारीला लागावे. ज्यांना मर्यादा लवकरच ओलांडली जाणार असे दिसते त्यांनी वर्षारंभापासूनच ग्राहकाच्या देशाचा कर लावण्याचा पर्याय स्वीकारला तर दर मध्येच बदलावे लागत नाहीत. हा पर्याय एकदा घेतला की तो २ कॅलेंडर वर्षे बांधून ठेवतो, हे मात्र विसरू नये.

एक-खिडकी योजना

चार देशांचा कर लागू झाला म्हणून चार देशांत नोंदणी करावी लागत नाही. यासाठी २०२१ पासून ‘ओएसएस’ ही एक-खिडकी योजना सुरू आहे. विक्रेता आपल्याच देशाच्या करखात्याकडे नोंदणी करतो, दर तीन महिन्यांनी एकच विवरणपत्र भरतो आणि एकच रक्कम जमा करतो. ते खाते ती रक्कम त्या त्या राष्ट्रांना वाटून देते. आपल्याकडे वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून सुरू झाला. त्यातही राज्याबाहेरील विक्रीवरील कराचा वाटा माल वापरणाऱ्या राज्याला मिळतो आणि वाटप केंद्रामार्फत होते. युरोपात असे एक केंद्रीय करखाते नाही. राष्ट्रांची खाती परस्परांत हा व्यवहार पार पाडतात.

विवरणपत्राच्या मुदती पक्क्या आहेत. जानेवारी ते मार्च या तिमाहीचे विवरण ३० एप्रिलपर्यंत, पुढील तिमाहींचे अनुक्रमे ३१ जुलै व ३१ ऑक्टोबरपर्यंत आणि वर्षाच्या शेवटच्या तिमाहीचे ३१ जानेवारीपर्यंत भरावे लागते. पैसेही त्याच मुदतीत भरावयाचे असतात. एखाद्या तिमाहीत विक्री झाली नसली तरी शून्याचे विवरण द्यावे लागते. नोंदणी साधारणतः अर्जानंतरच्या तिमाहीपासून लागू होते. परंतु मर्यादा आधीच ओलांडली गेली असेल तर पहिल्या विक्रीच्या पुढील महिन्याच्या १० तारखेपर्यंत कळविल्यास त्या विक्रीपासून ती लागू होऊ शकते. वरील उदाहरणातील कुटुंबाने १० जानेवारीपर्यंत कळविले तर डेन्मार्कची ती विक्री योजनेत बसेल. ही तारीख चुकली तर डेन्मार्कच्या करखात्याशी स्वतंत्र व्यवहार करण्याची पाळी येते.

योजनेत सामील झाल्यावर परदेशी ग्राहकांना केलेली सर्व दूरविक्री तीत दाखवावी लागते. एक देश आत आणि एक बाहेर असे करता येत नाही. खरेदीवरील कराची वजावट या विवरणात घेता येत नाही. ती आपल्या नेहमीच्या देशी विवरणात घ्यावयाची. दुसऱ्या देशात खर्च करून तेथे कर भरला असेल, तर त्या कराच्या परताव्याचा अर्ज आपल्याच देशाच्या यंत्रणेमार्फत पुढील वर्षाच्या ३० सप्टेंबरपर्यंत करता येतो. एखाद्या जुन्या विवरणात चूक राहिली असेल तर ती ३ वर्षांच्या आत पुढील विवरणात दुरुस्त करता येते. परकी चलनातील विक्री युरोत मांडताना त्या तिमाहीच्या अखेरच्या दिवसाचा युरोपीय मध्यवर्ती बँकेचा दर घ्यावा लागतो. सर्व नोंदी १० वर्षे जपून ठेवाव्या लागतात. वारंवार आठवण देऊनही विवरण न भरणाऱ्यास योजनेतून काढले जाते आणि २ वर्षे तिचा लाभ मिळत नाही.

लहान व्यवसायांची करमाफी

अगदी लहान व्यवसायांना कर आकारण्यापासून सूट देण्याची मुभा राष्ट्रांना फार पूर्वीपासून आहे. परंतु ती सूट त्या राष्ट्रात स्थायिक असलेल्यांनाच मिळत असे. १ जानेवारी २०२५ पासून दुसऱ्या सभासद राष्ट्रातील लहान विक्रेत्यासही ती मिळू लागली आहे. यासाठी संपूर्ण संघातील वार्षिक उलाढाल १ लाख युरोंच्या आत असावी लागते आणि त्या राष्ट्राची स्वतःची मर्यादाही पाळावी लागते. ही राष्ट्रीय मर्यादा जास्तीत जास्त ८५ हजार युरो असू शकते. अर्ज आपल्याच देशात करावयाचा. मान्यता मिळाल्यावर शेवटी ‘ईएक्स’ ही अक्षरे असलेला क्रमांक मिळतो. त्यानंतर दर तिमाहीस राष्ट्रवार विक्रीचा साधा अहवाल द्यावा लागतो. सूट ठेवावी की नाही हे प्रत्येक राष्ट्राच्या इच्छेवर आहे, म्हणून ज्या देशात विकावयाचे तेथे ती उपलब्ध आहे का हे आधी पाहावे.

या करमाफीचा मोह सर्वांनीच धरू नये. करमाफ विक्रीसाठी केलेल्या खरेदीवरील कराची वजावट मिळत नाही. ज्याचा बराच खर्च स्वतःच्या व घरच्या श्रमांचा आहे, त्याला ती लाभदायक ठरते. ज्याने नवी घाणी, टाक्या किंवा बाटल्या भरण्याचे यंत्र घेतले आहे आणि त्यावर मोठा कर भरला आहे, त्याला वजावट गमावणे परवडणार नाही. कागदावर दोन्ही रीतींनी वर्षाचा हिशेब मांडून मगच निर्णय घ्यावा. शेतकऱ्यांसाठी काही राष्ट्रांत सरसकट टक्केवारीची निराळी करपद्धतीही आहे. तीत असलेल्यांनी परदेशी विक्री सुरू करण्यापूर्वी आपल्या करखात्याचा स्वतंत्र सल्ला घेणे आवश्यक आहे.

नकाशावरील अपवाद

युरोपचा नकाशा आणि कराचा नकाशा एकच नाही. कॅनरी बेटे स्पेनची व संघातील असूनही या कराच्या क्षेत्राबाहेर आहेत. तेथे पाठविलेले पार्सल निर्यात ठरते. उलट मोनाको संघात नसूनही या करापुरते फ्रान्ससारखे मानले जाते. स्वित्झर्लंड व नॉर्वे संघाबाहेर असून त्यांचे कर स्वतंत्र आहेत. ब्रिटनचा संक्रमणकाळ ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला आणि तेव्हापासून तेथील विक्रीही या नियमांत येत नाही. मात्र मालाच्या बाबतीत उत्तर आयर्लंडला संघाचेच नियम लागू राहिले आहेत. मद्यावर विक्रीकराखेरीज उत्पादनशुल्काचाही विचार करावा लागतो. जर्मनीत साध्या द्राक्षमद्यावर ते शून्य आहे, पण फेसाळ मद्यावर आहे. म्हणून द्राक्षमद्य विकणाऱ्याने प्रत्येक देशाची चौकशी केल्याखेरीज पार्सल पाठवू नये.

आपल्याकडील निर्यातदारांसाठी

नाशिक भागातील द्राक्षे मोठ्या प्रमाणात नेदरलँड्समधील रॉटरडॅम बंदरातून युरोपात जातात. निर्यातीवर आपल्याकडे वस्तू व सेवा कराचा दर शून्य आहे. परंतु माल तेथे उतरताच तेथील आयातकर लागू होतो. नेदरलँड्समध्ये फळांवरील मूल्यवर्धित कर ९ टक्के आहे. तेथील नोंदणीकृत आयातदाराला परवाना असल्यास तो हा कर बंदरात रोख न भरता आपल्या विवरणात दाखवू शकतो. तेव्हा आयातदार म्हणून कागदोपत्री कोणाचे नाव राहणार, हे सौद्यापूर्वीच ठरवून घ्यावे. सर्व कर भरून माल पोचता करण्याची ‘डीडीपी’ ही अट निर्यातदाराने मान्य केली, तर तेथील कराची जबाबदारी त्याच्यावर येते. नोंदणीवाचून त्या कराची वजावट मिळत नाही आणि द्राक्षांच्या भावातून ती रक्कम कापली जाते. भाव चांगला दिसला म्हणून ही अट न वाचता सही करू नये.

महिला बचतगट व गृहोद्योग आता मसाले, लोणची, पापड असा माल परदेशातील मराठी कुटुंबांना पार्सलाने पाठवू लागले आहेत. पूर्वी २२ युरोंपर्यंतचे पार्सल संघात या करातून मुक्त असे. ती सूट १ जुलै २०२१ पासून बंद झाली असून आता लहानात लहान पार्सलावरही कर लागतो. १५० युरोंपर्यंतच्या पार्सलासाठी ‘आयओएसएस’ ही योजना आहे. तीत विक्रेता ग्राहकाकडून कर आधीच घेऊन दर महिन्याला भरतो. भारतातील विक्रेत्याला मात्र त्यासाठी संघात स्थायिक असलेला मध्यस्थ नेमावा लागतो आणि त्याचा मोबदला द्यावा लागतो. महिन्याला चार पार्सले पाठविणाऱ्या गटाला हा खर्च पेलणार नाही. अशा वेळी पार्सल घेताना कर व हाताळणीचे शुल्क ग्राहकालाच भरावे लागेल, हे त्याला मागणी घेतानाच स्पष्ट लिहून कळवावे. न कळविल्यास ग्राहक पार्सल नाकारतो आणि माल व टपालखर्च दोन्ही वाया जातात. मोठ्या विक्रीमंचामार्फत असे पार्सल विकले गेल्यास बहुधा तो मंचच विक्रेता समजला जाऊन कर भरतो. सीमाशुल्क आणि अन्नपदार्थांची तपासणी यांचे नियम निराळे असून त्यांची चौकशी स्वतंत्रपणे करावी.

पुढील बदल

युरोपीय संघाने मार्च २०२५ मध्ये या कराच्या संगणकीय व्यवस्थेविषयी नवे नियम मंजूर केले. त्यांनुसार १ जुलै २०२८ पासून एक-खिडकी योजनेची व्याप्ती वाढून परदेशी गोदामात स्वतःचा माल नेणाऱ्यालाही तेथे स्वतंत्र नोंदणी करण्याची गरज पुष्कळ अंशी उरणार नाही. १ जुलै २०३० पासून राष्ट्राराष्ट्रांमधील व्यापाऱ्यांच्या व्यवहारांत संगणकीय बीजक व त्याची जवळजवळ तात्काळ नोंद आवश्यक होईल. लहान उत्पादकाने आतापासूनच बीजकांची पद्धत शिस्तशीर केली तर त्या वेळी धांदल उडणार नाही.

नित्य पाळावयाच्या गोष्टी

प्रत्येक मागणीची नोंद करताना तारीख, माल पोचण्याचे राष्ट्र, करावाचून किंमत, लावलेला दर आणि कराची रक्कम अशी पाच सदरे ठेवावीत. परदेशी विक्रीची चालती बेरीज त्याच पानावर मांडावी. व्यापाऱ्याचा नोंदणी क्रमांक दर खेपेस तपासावा. गेल्या वर्षी चालू असलेला क्रमांक यंदा रद्द झालेला असू शकतो. कराचे पैसे निराळ्या खात्यात ठेवावेत. विवरणाचा दिवस उजाडला आणि पैसे खतावर किंवा मजुरीवर खर्च झाले, असे होता कामा नये. नव्या देशात पहिले पार्सल पाठविण्यापूर्वी आपल्या मालाचा तेथील दर अधिकृत ठिकाणी पाहून घ्यावा. दर बदलत असतात आणि ऐकीव माहितीवर विसंबणे धोक्याचे असते.

शेतात कष्ट करून उत्तम माल पिकविणाऱ्याला हा कागदी व्यवहार कंटाळवाणा वाटणे साहजिक आहे. परंतु वरील उदाहरणात बाटलीमागे अडीच युरो गेले ते तेल कमी प्रतीचे होते म्हणून नव्हे. एक बेरीज वेळेवर पाहिली गेली नाही म्हणून. मध्यस्थाला टाळून स्वतः विक्री करणाऱ्याने मध्यस्थाचे हिशेबाचे कामही स्वतःकडे घेतलेले असते. ते काम रोज थोडे थोडे केले तर जड जात नाही, आणि दूरच्या बाजारात मिळालेला चांगला भाव पुरतेपणी घरी येतो.